‘शांत बघतोय ना, मग बघू दे की!’ : बाळ आणि टीव्हीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात आम्ही सहा महिन्यांनंतरच्या वरच्या अन्नाबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत पेज आणि खिमटीपेक्षा टीव्ही-मोबाईलच जास्त होता. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच.

प्रश्न : माझा नातू सात महिन्यांचा आहे. सून घरून ऑफिसचं काम करते, तेव्हा दुपारी तो माझ्याकडे असतो. बाळांसाठीचं चॅनेल लावलं की अर्धा तास टक लावून बघतो, पाय झाडतो, खुदकन हसतोसुद्धा. सून म्हणते, अजिबात लावायचं नाही. आमची मुलं दूरदर्शन बघत वाढली, त्यांचं काय बिघडलं? अर्ध्या तासानं एवढं काय होणार आहे?
(एक आजी, रामबाग, इंदूर)

उत्तर : आजी, आम्ही सूनबाईंच्या बाजूचे. पण कारण तेवढं समजून घ्या, म्हणजे घरात वाद राहणार नाही.

बाळ टक लावून बघतं, म्हणजे त्याला ते कळतं किंवा आवडतं, असं आपल्याला वाटतं. या वयात तसं नसतं. चित्र बदललं, आवाज झाला, काही चमकलं की नजर आपोआप तिकडे ओढली जाते. बाळांच्या कार्यक्रमात दर काही सेकंदांनी चित्र बदलतं, त्यामुळे नजर सुटायला फटच मिळत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१० साली याची गमतीशीर परीक्षा घेतली. ‘टेलीटबीज’ या ब्रिटिश कार्यक्रमातली दृश्यं त्यांनी उलटसुलट क्रमानं जोडली, बोलणं उलटं वाजवलं आणि ते लहान मुलांना दाखवलं. दीड आणि दोन वर्षांच्या मुलांनी त्याकडे कमी लक्ष दिलं. काहीतरी गडबड आहे, हे त्यांना जाणवलं. सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या बाळांनी मात्र नीट कार्यक्रम जेवढा बघितला, तेवढाच तो निरर्थक खिचडा बघितला. तुमच्या नातवाला चॅनेलवरची गोष्ट पोचतच नाही. त्याच्यासाठी तो नुसता हलता उजेड आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखालच्या बाळाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाच्या वर जाऊ नये. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची, सूचनाही तीच : दोन वर्षांपर्यंत पडदा नाही, नातेवाईकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल.

दूरदर्शनचं म्हणाल, तर तेव्हा एकच वाहिनी होती, मुलांचे कार्यक्रम ठरल्या वेळी लागायचे आणि संपायचे. शिवाय ते बघणारी तुमची मुलं सात महिन्यांची नव्हती.

अर्ध्या तासानं नातवाचं डोकं बिघडणार नाही, तेव्हा आजवर लावलंत त्याची रुखरुख नको. मात्र तो अर्धा तास दुसऱ्या कशात तरी जायला हवा. रांगू न लागलेल्या बाळाला दिवसभरात मिळून निदान तीस मिनिटं जागेपणी पालथं ठेवावं. दुपारी पाच-सात मिनिटांच्या तीन फेऱ्या सहज होतात. सतरंजीवर पालथं घालून त्याच्या हातापासून वीतभर पुढे स्टीलची वाटी, झाकण, लाकडी चमचा ठेवा. एका वेळी तीनच वस्तू. कंटाळला की एक बदला. तो ‘बाबाबा’ म्हणाला की तुम्हीही ‘बाबाबा’ म्हणा आणि थांबा. त्या थांबण्यात तो परत काहीतरी म्हणतो. टीव्ही त्याच्यासाठी असा थांबत नाही. तुमची कंबर धरली, तर शेजारी पाटावर बसून भाजी निवडा आणि काय निवडताय ते त्याला सांगत राहा. तुमची मालिका त्याच्या झोपेच्या वेळात बघा, त्याला कुणाची हरकत नाही.

प्रश्न : मुलगी अकरा महिन्यांची. आम्ही दोघंही नोकरीवर. सांभाळायला येणारी दीदी हिंदी बोलते, सोसायटीत सगळी हिंदी. मराठी कानावर पडावी म्हणून दीदीला सांगून ठेवलंय की दिवसातून दोन तास मराठी बालगीतं लावायची. हे बरोबर ना?
(एक आई, विजय नगर)

उत्तर : हेतू अगदी रास्त. इंदुरातल्या निम्म्या मराठी घरांत हीच काळजी आहे. पण उपाय लागू पडणार नाही, आणि याचा थेट पुरावा आहे.

पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. घरी फक्त इंग्रजी ऐकणाऱ्या या बाळांना चिनी भाषेची बारा सत्रं दिली. काहींना समोर बसून चिनी माणसं गोष्टी वाचून दाखवायची, खेळणी दाखवायची. काहींना तीच माणसं, तेच साहित्य, पण टीव्हीवर. काहींना नुसता आवाज. ज्यांच्यासमोर माणूस होतं, त्या बाळांना चिनी उच्चारांतले बारकावे ओळखता येऊ लागले. टीव्ही आणि नुसत्या आवाजाच्या गटांत काहीच फरक पडला नाही. माणसं तीच आणि शब्दही तेच असून टीव्हीवरून भाषा पोचली नाही.

पुढे २०१० मध्ये बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांना शब्द शिकवणारी एक लोकप्रिय डीव्हीडी चार आठवडे दाखवून बघितली. न दाखवलेल्या मुलांपेक्षा त्यांना जास्त शब्द आले नाहीत. सर्वांत जास्त शब्द आले ते कुणाला, तर ज्यांच्या आईवडिलांना नुसती शब्दांची यादी दिली होती आणि ‘जमेल तसं शिकवा’ म्हटलं होतं. आणखी एक गोष्ट : ज्या पालकांना डीव्हीडी फार आवडली, त्यांनाच मूल पुष्कळ शिकलं असं वाटत होतं. ‘तिला सगळी गाणी येतात’ असं म्हणताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. सुरू झाल्यावर डोलणं म्हणजे सूर ओळखणं. ‘हत्ती’ शब्द कळला की नाही, हे टीव्ही बंद असताना पुस्तकातल्या हत्तीवर बोट ठेवते का, यावरून ठरतं.

मग मराठीचं काय? दीदीला हिंदीतच बोलू द्या, भरपूर बोलू द्या. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही आणि बोलायला उशीरही होत नाही. मोडक्या मराठीत तिनं दोन वाक्यं म्हणण्यापेक्षा सहज हिंदीतली वीस बरी. मराठीची जबाबदारी तुम्हा दोघांची. त्यासाठी वेगळा तास काढू नका, रोजची तीन कामं मराठीला बांधून टाका : सकाळचं तेल-आंघोळ, संध्याकाळचं जेवण, रात्रीची झोप. आंघोळीत ‘आता पाय. हा डावा पाय. पाणी गरम आहे? बघ, बोटं!’ इतकं साधं बोललं तरी पुरे. वाक्य लहान, आवाज थोडा चढा, एकच शब्द तीन-चार वेळा, आणि मध्ये थांबणं. त्याच बालगीतांचे शब्द पाठ करून तुम्ही बेसूर म्हटलीत, तरी डीव्हीडीपेक्षा सरस.

आजी-आजोबा पुण्या-नागपूरला असतील तर व्हिडिओ कॉल जरूर करा. तो टीव्हीसारखा नाही, कारण समोरचा माणूस बाळाला उत्तर देतो. २०१४ च्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकली, पण तसंच ध्वनिचित्रमुद्रण दाखवल्यावर शिकली नाहीत. अकरा महिन्यांच्या मुलीला पाच ते दहा मिनिटं पुष्कळ. फोन कशाला तरी टेकवून स्थिर ठेवा, कुणीतरी तिच्याजवळ बसा. आजीनं तिकडून ‘डोळे कुठे?’ विचारलं की इकडच्या माणसानं डोळ्याला हात लावून दाखवायचा. नेट अडखळत असेल तर कॉल बंद करा. आवाज आणि ओठ जुळत नसले की बाळ दोन मिनिटांत मान फिरवतं.

प्रश्न : मुलगा चौदा महिन्यांचा. मोबाईलवर कार्टून लावल्याशिवाय एक घास घेत नाही. मोबाईल असला तरी जेवण सव्वा तास चालतं. बंद केला तर तोंड घट्ट मिटतो. उपाशी कसा ठेवू?
(सुदामा नगर)

उत्तर : या एकाच विषयावर सर्वांत जास्त पत्रं आली आहेत, म्हणून सविस्तर.

आधी हे होतं का ते बघू. पडद्याकडे बघताना मूल यंत्रासारखं तोंड उघडतं. पोट भरल्याचं त्याला जाणवत नाही, आणि भूक लागल्याचं ओळखायलाही ते शिकत नाही. घास गालात साठतो, चावला जात नाही, म्हणून वेळ लागतो. वेळ लागतो म्हणून आई सगळं मिक्सरमधून काढते. मिक्सरमधलं खाऊन चावायची सवय लागत नाही. असं ते चक्र चालतं. गालातला घास अचानक हसताना किंवा रडताना श्वासात अडकू शकतो, हा धोका वेगळाच.

मोबाईल काढण्याआधी दोन-तीन दिवस दूध मोजा. चौदा महिन्यांच्या मुलाला वरचं दूध दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिली पुरे. अनेक घरांत बाटलीनं ८०० मिली, कधी लिटरभर जातं आणि ‘हा जेवत नाही’ अशी तक्रार असते. जास्त दुधानं भूक मरते, लोह कमी पडतं, आणि लोह कमी पडलं की भूक आणखी मरते. दोन जेवणांच्या मध्ये बिस्किट, टोस्ट, शेवेचे चार दाणे बंद. आपल्याकडे सकाळच्या पोह्यांवरची शेव बाळाच्या हातात सहज जाते. पोहे मऊ असतील तर चालतील, पण शेंगदाणे आणि शेव काढून. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष या वयात द्यायचंच नाही.

मग एका दिवसात सगळी जेवणं बदलू नका. ज्या जेवणाला भूक सर्वांत जास्त असते, बहुधा दुपारचं, तिथून सुरू करा. दूध किंवा खाणं होऊन अडीच-तीन तास झालेले हवेत. फोन उशीखाली लपवू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा. तुमचा, आजोबांचा, सगळ्यांचेच. मुलाला पाठीला टेकू आणि पायाला आधार मिळेल असं बसवा, मांडीवर आडवं नको. त्याच वेळी कुणीतरी मोठ्यानं समोर बसून जेवावं, हे फार महत्त्वाचं. ताटलीत आधी थोडंच वाढा : तीन-चार चमचे मऊ वरण-भात एक चमचा तूप घालून, शेजारी हातात धरण्याजोगं काही, उकडलेल्या बटाट्याची किंवा लाल भोपळ्याची फोड, पोळीचा वरणात भिजवलेला तुकडा. पहिली पाच मिनिटं त्याला एकट्याला करू द्या. सांडेल. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि चेहरा शांत ठेवा. मग चमचा त्याच्या ओठांसमोर आणून थांबा, तो पुढे आला तरच घास. काऊचा घास, चिऊचा घास हे याच कामासाठी आहे, खुशाल म्हणा. मान फिरवली की एकदा थांबून परत विचारा. दुसऱ्यांदा फिरवली की संपलं. पंचवीस मिनिटांत ताटली उचलायची, मागे फिरून भरवायचं नाही. पुढचं खाणं थेट दोन-अडीच तासांनी, मध्ये फक्त पाणी.

पहिले तीन-चार दिवस खाणं कमी होईलच. धडधाकट मुलाला त्यानं काही होत नाही. लघवी नेहमीसारखी होते ना आणि तो खेळतो ना, एवढं बघा. रोज वजन करू नका, पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर करा. एक जेवण आठवडाभर सुरळीत झालं की दुसरं घ्या.

हा बेत बहुतेक घरांत चौथ्या-पाचव्या दिवशी फसतो. मूल रडतं, कुणाला तरी दया येते, ‘आजच्या दिवस’ म्हणून मोबाईल निघतो. कधी मिळतो, कधी नाही, असं झालं की मूल पुढच्या वेळी जास्त वेळ रडून बघतं, आणि त्याच्या हिशेबानं ते बरोबरच आहे. म्हणून सुरुवात करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी ठरवून घ्या. घरात लग्नकार्य, प्रवास, मुलाला ताप असेल तर तो आठवडा सोडून पुढचा धरा.

किती खायला हवं? वर्ष ते दोन वर्षं या वयात २५० मिलीची वाटी पाऊण ते भरून, दिवसातून तीन-चारदा, आणि मध्ये एक-दोनदा फळासारखं काही. पण हा अंदाज आहे, रोजचा हप्ता नव्हे. वजन दोन-तीन महिने हललंच नसेल, मूल फिकट दिसत असेल, गुठळी लागली की दर वेळी ओकारी काढत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

प्रश्न : बाळ टीव्ही बघतच नाही. संध्याकाळी आजोबा बातम्या लावतात, आई मालिका. बाळ आपलं खाली खेळत असतं. मग काय हरकत?
(लोकमान्य नगर)

उत्तर : आमच्या मते घराघरांत सर्वांत जास्त नुकसान याच टीव्हीनं होतं, आणि तो कुणी मोजत नाही.

२००८ साली एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळण्यांसह बसवून अर्धा वेळ मागे मोठ्यांचा एक कार्यक्रम चालू ठेवला. मुलांनी टीव्हीकडे फार बघितलं नाही, मधूनच क्षणभर मान वर केली. पण एका खेळण्याशी टिकून खेळण्याचा वेळ कमी झाला. दर वेळी धागा तुटत होता. दुसऱ्या एका अभ्यासात मुलांच्या कपड्यांत ध्वनिमुद्रक लावले. ऐकू येणारा टीव्ही जितका जास्त, तितकं मोठ्यांचं बोलणं कमी. तासामागे सरासरी ७७० शब्द. टीव्ही चालू असला की आपण बाळाशी ‘हं’ आणि ‘थांब जरा’ एवढंच बोलतो. संध्याकाळी घरात लक्ष देऊन बघा, पटेल.

आजोबांच्या बातम्या बंद करा असं आम्ही सांगणार नाही. त्यांना वेळ ठरवून द्या, आणि त्या वेळात बाळाला दुसऱ्या खोलीत, गच्चीत किंवा खाली बागेत न्या. बातम्यांच्या चर्चेतली आरडाओरड लहान मुलाच्या कानावर न पडलेलीच बरी. दोन खोल्यांचं घर असेल तर आजोबांना हेडफोन द्या, ते आधी कुरकुरतील. मुख्य नियम एकच : कुणी बघत नसेल तो टीव्ही बंद. बाळाच्या झोपेआधी तासभर तर नक्कीच. मूल बैठकीतच झोपत असेल, तर मालिकेच्या वेळेनं त्याची झोप मागे जाते, आणि वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते.

प्रश्न : निळा प्रकाश अडवणारा चष्मा बाळाला लावला तर टीव्ही चालेल का? किती लांबून?
(राजेंद्र नगर)

उत्तर : चष्म्यावर पैसे घालवू नका. दोन वर्षांनंतर दाखवायचंच झालं तर मोबाईलपेक्षा टीव्ही बरा, कारण मोबाईल मुलं वीतभर अंतरावर धरतात आणि कुणी शेजारी बसून बघू शकत नाही. डोळ्यांसाठी खरा उपाय म्हणजे उजेडात बाहेर खेळणं.

प्रश्न : मुलगा वीस महिन्यांचा, ‘मम्मा’शिवाय काही बोलत नाही. लहानपणापासून मोबाईल बघतो. नातेवाईक म्हणतात, मोबाईलनं ऑटिझम (स्वमग्नता) झाला, बंद करा, आपोआप बरा होईल. सासरे म्हणतात, ह्याचे वडीलही उशिराच बोलले होते.
(पत्ता न छापण्याची विनंती)

उत्तर : ताई, दोन्ही सल्ल्यांनी वेळ जाईल. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ असा शब्द हल्ली व्हिडिओंतून फिरतो, पण वैद्यकीय निदानाच्या मान्य याद्यांत तो नाही. जास्त पडद्यामुळे बोलणं मागे पडू शकतं. ऑटिझम हा मेंदूच्या जन्मजात जडणघडणीचा भाग आहे आणि त्यात अनुवंशाचा मोठा वाटा असतो. शिवाय अशी मुलं पडद्याकडे जास्त ओढली जातात, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे घरबसल्या ठरत नाही. तुमच्यामुळे झालं, असं मनात धरू नका.

मोबाईल आजच बंद करा, आणि तपासणीही याच आठवड्यात ठरवा. महिनाभर वाट बघून मग तपासू, असं नको. पहिली तपासणी कानांची. टाळी वाजवली की बघतो म्हणजे ऐकू येतं, असं नाही. थोडं कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही टाळी ऐकू येते. ओएई किंवा बेरा ही चाचणी मूल झोपलेलं असताना होते आणि दुखत नाही. मग विकासाची तपासणी. अठरा आणि चोवीस महिन्यांना एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी पालकांकडून भरून घेतात.

जाण्याआधी हे टिपून ठेवा : नावानं हाक मारली की पाचातून किती वेळा बघतो. हवं ते बोटानं दाखवतो की तुमचा हात धरून नेतो. नुसती गंमत म्हणून विमान, कुत्रा दाखवतो का. ‘बॉल आण’ हे हातवारे न करता कळतं का. टाटा करतो का. आधी येत असलेला एखादा शब्द गेला का. शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर लगेच जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात, तिथे तपासणी मोफत होते. अंगणवाडीतून किंवा सरकारी दवाखान्यातून तिथे पाठवणी मिळते.

प्रश्न : मुलगी सव्वादोन वर्षांची झाली. आता काय दाखवावं?
(नेहमीच्या वाचक, स्नेहलतागंज)

उत्तर : दिवसाला तासाभराच्या आत, जमल्यास अर्धाच तास, आणि शेजारी बसून. टीव्हीनं मुलं शिकतात असं सांगणारे चांगले अभ्यास बहुतेक तीन वर्षांपुढच्या मुलांचे आहेत. ‘सेसमी स्ट्रीट’ हा अमेरिकेतला मुलांचा कार्यक्रम १९६९ मध्ये सुरू झाला, तोही तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी.

कार्यक्रम निवडायची सोपी रीत : आवाज बंद करून एक मिनिट लावा आणि चित्र किती वेळा तुटून बदलतं ते मोजा. मोजता मोजता तुम्हीच थकलात, तर तो बाजूला. पात्रं प्रश्न विचारून थांबतात का, गोष्टीला शेवट आहे का, हेही बघा. खेळण्यांची खोकी उघडून दाखवणारे व्हिडिओ म्हणजे निव्वळ जाहिरात. आपोआप पुढचा व्हिडिओ लागणं सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. ‘पाच मिनिटं राहिली’ असं सव्वादोन वर्षांच्या मुलीला कळत नाही, ‘ही गोष्ट संपली की बंद’ हे कळतं. तोच भाग तिला दहा वेळा बघायचा असेल तर बघू द्या. या वयात पुन्हा पुन्हा बघूनच समजतं. बंद करताना रिमोट तिच्या हातात देऊन बटण तिलाच दाबू द्या, रडारड बरीच कमी होते. नंतर तिच्याशी त्यातलंच काहीतरी खेळा. गोष्टीत केळं सोललं असेल तर घरातलं केळं सोला.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलाला दर थंडीत नेब्युलायझर लागतो. मोबाईलशिवाय मास्क लावू देत नाही. तेवढा चालेल का?
(राजवाडा परिसर)

उत्तर : चालेल. रडताना औषध छातीत नीट पोचत नाही, त्यामुळे इथे औषध महत्त्वाचं. सात-आठ मिनिटांचा एकच ठरलेला व्हिडिओ ठेवा, फोन मोठ्याच्या हातात, मास्क नाकातोंडावर घट्ट बसलेला. वाफ संपली की मशीन आणि व्हिडिओ एकदमच बंद करा आणि लगेच तोंड पुसून दोन घोट पाणी द्या.